फळीखालचं थर्माकोल

मला क्षमाशील माणसांचा फार कंटाळा येतो. ‘जाऊ दे गं, देव बघतोय’ म्हणणारी बाई भेटली की वाटतं, देवाला काय तेवढाच उद्योग आहे? आमच्या समोरच्या सुधाताईनं देवावर कधी काही सोपवलं नाही. जे करायचं ते स्वतः केलं आणि अगदी सावकाश केलं. ती जाऊन आता वर्ष होत आलं. तिचा पाटा माझ्या ओट्याखाली पडून आहे. त्यावर मी काही वाटत नाही, घरात मिक्सर आहे. पण टाकवत नाही. त्या पाट्यानं एका माणसाला जे भोगायला लावलं ते कुठल्या कोर्टाला जमलं नसतं.

खांदेश्वरला आमची दारं समोरासमोर. मी कराडची, नवऱ्याची नोकरी तळोज्याला म्हणून इकडे आले. सुधाताई मूळची मोऱ्याकडची, खाडीकाठच्या एका गावातली. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं मला आता चांगली ओळखतात. बाप होड्या बांधणारा सुतार. ती स्वतः शाळेत शिवण शिकवायची आणि निवृत्त झाल्यावर घरी मशीन टाकून बसली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बुटकी, काटक बाई, गाऊनवर टॉवेल घेतलेला आणि तोंडात कायम टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवूनच ती बोलायची, चहासुद्धा एका कोपऱ्यातून प्यायची. राग आला की मात्र एकेक टाचणी काढून उशीला टोचायची आणि तोंड रिकामं झालं की मगच बोलायची. तिनं उशी जवळ ओढली की आम्ही बायका आपापल्या घरी सटकायचो.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. “मी कोनाचं वाईट करत नाय. फकस्त चांगलं करत नाय.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली. मग कारखानीसबाईंचं प्रकरण झालं.

तिसऱ्या मजल्यावरच्या ह्या कारखानीसबाईंनी सुधाताईचं गच्चीवर वाळत घातलेलं सुकट वॉचमनकरवी कचऱ्यात टाकलं. का, तर वास येतो! सुधाताईकडून भांडण नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार नाही. काही महिन्यांनी बाईंच्या मुलाची मुंज निघाली आणि बाई ब्लाउजचं कापड घेऊन हिच्याच दारात आल्या. येणार नाहीत तर जातील कुठे? अख्ख्या बिल्डिंगीत बाहीची फिटिंग हिच्यासारखी कोणाला जमत नव्हती. सुधाताईनं माप घेतलं, अगदी मायेनं घेतलं. म्हणाली, “होईल.” बाई आठवड्यानं आल्या. “होईल.” पुन्हा आल्या. “होईल की.” मुंजीच्या आदल्या दिवशी बाई रडकुंडीला आल्या तेव्हा तिनं कापड घडी करून त्यांच्या हातात ठेवलं. कात्रीसुद्धा लावली नव्हती.

“कापडाला वास येत व्हता,” म्हणाली, “सुकटीचा.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, “ताई, पण एवढा राग होता तर बाही कच्ची शिवायची. भर मांडवात उसवली असती.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते सुकट मीच टाकलं होतं. “अगो, कच्चं शिवनं म्हंजे आपलंच नाक कापनं. माझ्या हातचं येक तर चांगलं जाईल, नायतर जानारच नाय.”

दुसरी खोड म्हणजे थर्माकोल. बिल्डिंगीत कोणाकडे फ्रीज आला, टीव्ही आला, की खोक्यातलं थर्माकोल मागायला सुधाताई दारात हजर. आतली खोली तिनं त्यानं छतापर्यंत भरली होती. रिकाम्या बाटल्या घट्ट बूच लावून पलंगाखाली ठेवलेल्या असायच्या. मला वाटायचं, असते एकेका म्हातारीला साठवायची सवय. एकदा दिवाळीच्या आवराआवरीत मी म्हटलं, “ताई, भंगारवाल्याला बोलावू का?” तिनं उशी जवळ ओढली. एक टाचणी टोचली, दुसरी टोचली. मी उठायला लागले.

“बस,” ती म्हणाली, आणि तिनं जनूचं सांगितलं.

जनू तिचा धाकटा भाऊ. गावातल्या बाळाशेठच्या फायबरच्या होडीवर कामाला होता. तसल्या होडीत फळीखाली थर्माकोल कोंबलेलं असतं. होडी उलटली, पाण्यानं भरली, तरी ती तळाला जात नाही, माणसाला धरायला काहीतरी राहतं. बाळाशेठनं ते सगळं उपसून काढलं, कारण तेवढ्या जागेत मासळीच्या जास्त पेट्या मावत होत्या. आणि एका भरतीला होडी उलटली. बाकीचे दोघं काठाच्या अंगाला पडले, ते निघाले. जनू पडला ओढीच्या अंगाला. होडी तरंगती राहिली असती तर तिला धरून राहिला असता. ती दगडासारखी खाली गेली.

इथपर्यंत अपघात म्हणता येईल. पुढचं ऐका. मयताच्या घरी माणसं बसलेली असताना बाळाशेठ सगळ्यांदेखत म्हणाला, “जनू प्यायलेला व्हता, त्याला कोन काय करनार?” जनूनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण शेठ बोलला म्हणजे गाव बोललं. वाचलेले दोघंही त्याच्याच होड्यांवर कामाला, ते कशाला तोंड उघडतायत! जनूची बायको हिरा, तिला तेव्हापासून अख्ख्या गावानं ‘पिऊन बुडाला त्याची बायको’ करून टाकलं. ती नळावर आली की बाया तोंडाला पदर लावायच्या.

“मना त्याच्याकडनं काय नको,” सुधाताई म्हणाली. “त्यानं मानसांत उभं ऱ्हायाचं आनि दोन वाक्यं बोलायची. थर्माकोल मी काढलं. जनू प्यायलेला नव्हता. बस.”

“आणि नाही बोलला तर?”

“बोलंल. मना घाई नाय.” तिनं टाचण्या परत तोंडात घातल्या आणि मशीनला पाय लावला.

मग एके दिवशी हा बाळाशेठच आमच्या मजल्यावर उगवला. आता मासळीचा धंदा संपलेला, जमिनीवर इमारती उठलेल्या, आणि शेठला वॉटर स्पोर्ट्सचं वेड लागलेलं. शनिवार-रविवारी वाशी-बेलापूरची मंडळी खाडीवर येतात, त्यांना कयाकमध्ये बसवायचं. कयाक म्हणजे एकट्यानं बसायची निमुळती होडी. मधोमध भोक, त्यात पाय सोडून बसायचं आणि दोन्ही बाजूंनी वल्हं मारायचं. त्यानं कुठून तरी जुन्या कयाक उचलून आणल्या होत्या. त्या आतून साफ पोकळ, उलटल्या की पाणी भरून खलास. त्यांना आत फुगवायच्या पिशव्या हव्या होत्या आणि वर झाकणं हवी होती. तयार सामान बाहेरून मागवावं लागतं म्हणून साहेबांना सुधाताई आठवली.

“ताई, घरचं काम घरच्या मानसाला द्यावं म्हटलं,” हातातली गाडीची किल्ली गरगर फिरवत तो म्हणाला. “जुनं ते जुनं. सोडून द्यायचं.”

बघा हं, सोडून कोणी द्यायचं ते हाच ठरवणार! मी चहाचा ट्रे धरून उभी होते आणि माझं सगळं लक्ष उशीकडे होतं. म्हटलं, आता टाचण्या निघणार आणि ह्याची अशी चंपी होणार की जिना उतरताना चप्पल विसरेल. पण उशी जागची हलली नाही.

“करते,” सुधाताई म्हणाली. “फकस्त फ्लेक्स तुजं लागंल, बाला. वाढदिवसाचे मोठे बोर्ड लावतोस ना नाक्यानाक्यावर? उतरवले की मना दे. त्याच्यातनं पानी जात नाय.”

बाळाशेठ एवढा खूश झाला की दुसऱ्याच दिवशी टेम्पो भरून स्वतःचे चेहरे पाठवून दिले.

त्या उन्हाळ्यात सुधाताईच्या घरात चालायला जागा नव्हती. तिनं पिशव्या केल्या ताडपत्रीच्या, होडीच्या टोकात बसतील अशा तिकोनी. कडा शिवल्या नाहीत, शिवलं की सुईच्या भोकातून हवा जाते. बटर पेपर ठेवून वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे दोन थर एकमेकांत विरघळून चिकटतात. फुंकायच्या नळ्या तिनं पोरांच्या पोहायच्या ट्यूबमधून कापून बसवल्या. कयाकमध्ये बसणाऱ्यानं कमरेला घालायची एक झालर असते, तिचं इलॅस्टिक त्या भोकाच्या काठाला ताणून बसवलं की आत पाणी येत नाही. त्याला ती ‘घागरा’ म्हणायची. प्रत्येक घागऱ्याला पुढून एक पट्टी आणि पट्टीला पडद्याची लाकडी कडी. “उलटा झालेल्या मानसाला डोल्यानं दिसत नाय. हाताला गावलं पायजे. येक हिसका, मानूस भाईर.”

आणि पाटा! पिशवी तयार झाली की फुगवून जमिनीवर ठेवायची आणि वर पाटा. सकाळी ठेवला की संध्याकाळच्या चहाला बघायचं. पाटा बोटभर जरी खाली आला असला तरी पिशवी बाद, पुन्हा पहिल्यापासून. तो पाटा चढवायला-उतरवायला मी होतेच. एकदा कंबर धरून बसले आणि मनातलं बोलून टाकलं, “ताई, कशाला एवढं करताय त्या मेल्यासाठी? एक टाचणी टोचा. एकच. त्याच्याच होडीच्या पिशवीला.”

तिनं इस्त्री उभी केली. “पिशवी फुटली तर बुडनार कोन? तो? तो काठावर खुर्ची टाकून बसनार. बुडनार कोनाचं तरी पोर. आनि मंग मी कोन झाली? बालाच झाली ना?”

मी उठून पुन्हा पाट्याला हात लावला. पण माझं समाधान झालं नाही, खोटं कशाला सांगू?

झाकणं शेवटी केली. होड्या काठावर पडून असतात तेव्हा आत पाऊस, उंदीर, साप जाऊ नयेत म्हणून भोकावर ताणून बसवायची. फ्लेक्सची छापील बाजू वर ठेवली असती तर शेठ मिरवला असता. सुधाताईनं ती आत घेतली. वरून नुसतं पांढरं आणि आतून बाळाशेठचा हसरा चेहरा, हात जोडलेला, खालच्या काळोखाकडे बघणारा. मी विचारलं, असं का?

“बघू दे आत,” ती म्हणाली. “जिथं असायला पायजे व्हतं, तिथं बघत बसू दे.”

आता त्यांच्या गावची एक रीत सांगायला हवी. नवी होडी पाण्यात जाताना मालक नारळ हातात घेऊन, ज्याच्या हातची होडी आहे त्याला विचारतो, “लोटू का?” त्यानं “लोट” म्हटलं की माणसं होडीला हात लावतात. त्याआधी कोणी बोट लावत नाही. सुधाताईचा बाप एकदा लग्नाला गेला होता तर एक मालक दिवसभर नारळ धरून काठावर बसला होता म्हणे. हे तिनं मला इस्त्री करता करता सहज सांगितलं, आणि मी सहज ऐकलं. मठ्ठ मी!

बाळाशेठलाच ती रीत आठवली, हे विशेष. त्याला आता सगळं व्हिडिओत दिसायला हवं होतं: मांडव, माइक, पाहुणे, आपली परंपरा. ह्या कयाक कारखान्यात झालेल्या, त्यांना कुठला आलाय सुतार? तर त्यानं जाहीर केलं की ह्यांना जीव दिला तो सुधाताईंनी, तेव्हा मान त्यांचा. एका रविवारी सकाळी मला बरोबर घेऊन सुधाताई गावच्या जेट्टीवर गेली. मुद्दाम इस्त्रीची साडी नेसली होती. तोंडात टाचणी नव्हती, एकसुद्धा. 

गावच्या पोरांनी झाकणं ओढून काढली, ती उलटी पडली आणि जेट्टीवर जिकडेतिकडे बाळाशेठ आभाळाकडे बघून हसायला लागला. पाहुण्यांची लहान मुलं खिदळली. शेठही हसला, फोटो काढू द्या म्हणाला. मग कमरेला घागरा चढवून, हातात नारळ घेऊन तो माइकपाशी आला.

“सुधाताई, लोटू का?”

“नाय.”

लोकांना वाटलं थट्टा. तोही हसला. “ताई, माइकवर आहे. लोटू का?”

“नाय.”

“अगो, मुहूर्त चाललाय...”

“आमच्या जनूच्या होडीतलं थर्माकोल कोनी काढलं, बाला?” तिचा आवाज मोठा नव्हता. “आनि जनू प्यायलेला का? तेवढं बोल, मंग लोट.”

बाळाशेठचा चेहरा असा उतरला की झाकणांवरचे आणि ह्याचा, एकाच माणसाचे वाटेनात. “आज शुभ दिवस आहे, हे काय काढलंस?” म्हणाला. मग पोरांवर ओरडला, “लोटा रे!” पोरांचे हात होडीवर होते. त्यातल्या एकानं हात काढला. मग दुसऱ्यानं. आयुष्यभर होड्या नेलेला एक म्हातारा तांडेल होता, तो सरळ खाली मांडी घालून बसला. शेठनं स्वतः ढकलून पाहिलं. ओहोटी लागलेली, होडी चिखलात रुतलेली, आणि हा पांढऱ्या पँटीत, घागऱ्यासकट, गुडघ्यापर्यंत आत. कुणीही हात दिला नाही. पाहुणे गाड्यांकडे निघाले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, पण सुधाताईनं माझा हात घट्ट धरला होता.

कयाक तशाच राहिल्या. दोन पावसाळे गेले. बाळाशेठनं आधी बाहेरची माणसं आणून बघितली. पण जेट्टीवर गावची पोरं नुसती येऊन उभी राहायची, आणि बाहेरची माणसं दुसऱ्या खेपेला येईनाशी व्हायची. मग त्यानं सुधाताईच्या चुलतभावाला समजूत घालायला पाठवलं. मग भारीतली साडी पाठवली. तिनं ती मशीनवर धूळ बसू नये म्हणून टाकली. आणि ह्या सगळ्या काळात ही बाई अधूनमधून रिक्षा करून जेट्टीवर जायची, झाकणं काढून आतल्या पिशव्या दाबून बघायची, कमी झाली असेल तर हवा भरायची. मी चिडायचे. “होड्यांचा काय गुन्हा?” ती म्हणायची.

शेवटी तो आला. किल्ली खिशात होती, फिरवत नव्हता. स्टुलावर बसला.

“ताई, काढलं मी थर्माकोल,” म्हणाला. “नको व्हतं काढायला. आनि जनू... नव्हता प्यायलेला. मना भ्याव वाटलं म्हनून बोललो तसं.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हटलं, संपलं एकदाचं. सुधाताई मशीन चालवत होती. शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला.

“मना आताशा ऐकू कमी येतं,” ती म्हणाली. “तिकडं येऊन बोल.”

खालच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून ‘त्यांची डाल करपली’ सांगणारी बाई! बाळाशेठ मान खाली घालून जिना उतरला आणि मी दार लावून घेतलं. माझ्यानं हसू आवरेना.

पुढच्या रविवारी सगळं गाव जेट्टीवर होतं. ह्या वेळी मांडव नाही, पाहुणे नाहीत. बाळाशेठ बोलायला उभा राहिला तर सुधाताई म्हणाली, “माइक कुठंय? ते बोललास तेव्हा घरातच मानसं बसली व्हती, आता घरं लांब हायत, तिथवर ऐकू गेलं पायजे.” माइक आणला. तो तिच्याकडे तोंड करून उभा राहिला तर म्हणाली, “मना नको. हिराला बोल.”

हिरा मागे, भिंतीला टेकून उभी होती. त्यानं तिच्याकडे बघत ती दोन वाक्यं म्हटली. थर्माकोल मी काढलं. जनू प्यायलेला नव्हता. हिरानं पदर तोंडावर घेतला नाही. ती नुसती बघत राहिली, आणि तिच्या बाजूच्या बायका खाली बघायला लागल्या.

बाळाशेठनं घाम पुसला. नारळ उचलला. “आता लोटू का, ताई?”

सुधाताई उठली. एकेका होडीवरून हात फिरवत गेली. पिशव्या टिचकी मारून पाहिल्या. “होड्या लोटा,” ती पोरांना म्हणाली.

पोरांनी एकच ओरडा केला आणि होड्या सरसर पाण्यात गेल्या. बाळाशेठ घागरा सावरत, हसत, सगळ्यात पुढच्या कयाककडे धावला. एक पाय त्यानं आत टाकलाही.

“तू नाय.”

तो थांबला. तिच्याकडे बघितलं. “ताई, बोललो ना मी?”

“बोललास. म्हनून होड्या गेल्या.”

त्यानं पोरांकडे बघितलं, तांडेलाकडे बघितलं. मग त्यानं पाय बाहेर काढला, आणि एका पोरानं ती कयाक त्याच्या समोरून ओढून नेली.

माझी रिक्षा वळली तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, ते दृश्य मला अजून दिसतं. सुधाताई त्या रात्री हिराकडेच राहणार होती. पुढे ती तिकडेच राहिली आणि पावसाआधी झोपेत गेली, म्हणून ते तिचं मला झालेलं शेवटचं दर्शन. ती काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. शेजारी बाळाशेठ उभा होता, कमरेला घागरा, अंगात लाइफ जॅकेट, पायात चिखल. पाण्यात पोरं ओरडत होती. ती पाण्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. निघताना मीच, क्षमेचा कंटाळा असलेली मी, तिच्या कानाशी वाकून म्हणाले होते, “ताई, बोलला की तो. आता एवढं सोडा.”

“मी काय केलं?” ती म्हणाली. “मी कोनाचं वाईट करत नाय.”

पुढचं वाक्य ती बोललीच नाही. बाळाशेठ अजून काठावर आहे. कयाकवर माणसं बसवतो, घागऱ्याची कडी दाखवतो, पट्टी कशी ओढायची ते समजावतो. परवा हिरा भेटली, तिला मी विचारलं, आता तरी तो पाण्यात जातो का? ती म्हणाली, “कसा जाईल? विचारायचं कोनाला?”